काका हरले हो, पेढे घ्या!

अहो, ऐकलंत का? आधी तो पाइप बंद करा, काही ऐकू येत नाही. आणि जरा इकडे या, जास्वंदीपाशी. आपले कोपऱ्यावरच्या बंगल्यातले काका... काल हरले! क्लबहाऊसच्या बॅडमिंटन कोर्टावर, डबल्समध्ये, चक्क 21-9. आणि काकूंनी पेढे वाटले. तुमच्याकडे नाही आले अजून? येतील. मी काही बोललेच नाही असं समजा.

हसताय काय? पेढे हरल्याचेच आहेत. सांगते ना.

बायपासचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. पायातली शीर काढून हृदयाला जोडली, छातीचं हाड मधोमध कापलं आणि नंतर स्टीलच्या तारेने बांधून टाकलं. घरी आले तेव्हा खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायचे बिचारे. ते तीन बॉलचं प्लास्टिकचं यंत्र असतं ना, श्वास ओढून बॉल वर न्यायचे, त्याच्यासमोर नातू बसलेला. "आजोबा, तिसरा! तिसरा!" अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, पलंगावरून उठताना हातावर भार द्यायचा नाही. काकांनी एकदा गुपचूप दळणाचा डबा उचलला, तेव्हा काकू जे काही बोलल्या... जाऊ दे. दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला?

तर काय सांगत होते... हं, रॅकेट. हाड जुळतंय न जुळतंय तोच काकांनी विषय काढला. आणि दाखला कुणाचा, तर सौरव गांगुलीचा! "2021 च्या जानेवारीत ट्रेडमिलवर छातीत दुखलं, स्टेंट बसले, आणि त्याच डिसेंबरात ईडन गार्डन्सवर मैत्रीच्या सामन्यात दादाने 35 रन काढले." काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांची अँजिओप्लास्टी. तुमची छाती उघडली होती." काका म्हणाले, "बरं, मग कपिल देव? 2020 च्या ऑक्टोबरात अ‍ॅडमिट, नोव्हेंबरात मैदानावर!" काकू म्हणाल्या, "तीही अँजिओप्लास्टीच. आणि मैदान गोल्फचं." मी समोरच बसले होते हो, वाटी परत करायला गेले होते. काकांचा चेहरा असा पडला ना...

मग रिहॅब सुरू झालं. फिजिओची मुलगी मोठी गोड आहे, पण कडक. म्हणाली, चालताना बोलता आलं पाहिजे, तेवढाच वेग. बोलणं तुटायला लागलं की हळू व्हायचं. म्हणून काकू रोज बरोबर. आता काकू बरोबर असताना काकांना बोलायला कितीसं मिळणार, ते सोडा! त्यात मुलाने बंगळुरूहून घड्याळ पाठवलं, नाडी मोजणारं. काका चौकापर्यंत जाऊन आले की मनगट पुढे करायचे, "बघा, किती चाललो, तरी नाडी शंभरच्या आत!" त्या मुलीने एकदा ऐकलं. म्हणाली, "काका, ही कमाल तुमची नाही, गोळीची आहे. बीटा ब्लॉकर नाडी चढूच देत नाही. घड्याळ बघू नका, दम बघा." झालं, दोन दिवस घड्याळ ड्रॉवरमध्ये.

पुढे टीएमटी झाली. पट्टा भरभर पळवतात, चढ वाढवत नेतात आणि ईसीजी काढत राहतात, ती. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटींसकट. सिंगल्स नको, डबल्स. आधी नीट वॉर्मअप. खेळ संपला की लगेच बाकावर टेकायचं नाही, चालत राहायचं, नाहीतर बीपी एकदम खाली येऊन चक्कर येते. छातीत जड वाटलं, दम लागला, गरगरलं, तर स्कोअर काहीही असो, रॅकेट खाली. काकूंनी ती यादी फ्रिजवर लावली. काका पाणी प्यायला उठले तरी समोर यादी!

आणि खरी गंमत पुढेच आहे. काका कोर्टावर उतरले आणि सगळे गप्प. स्मॅश कुणी मारेचना. ते पिवळ्या बंगल्यातले भाऊजी, एरवी कोर्टावर कुणाचा बाप बघत नाहीत, ते शटल असं अलगद ठेवायचे, नैवेद्य दाखवल्यासारखं! काका जिंकले. आणि हात न मिळवता घरी आले. काकू सांगत होत्या, जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "यांनी मला अजून आयसीयूतच ठेवलंय."

काकूंना ते लागलं. त्यांनी पिवळ्या बंगल्यातल्या वहिनींना गाठलं. वहिनी रडवेल्या झाल्या, "हे म्हणतात, माझ्या शॉटवर धावताना काका कोसळले तर मी काय करू? मला तर काहीच येत नाही." बघा, म्हणजे दुखणं काकांचं आणि धास्ती यांच्या पोटात!

मग ती मीटिंग. तुम्ही नव्हतात, फार मोठं मिस केलंत. विषय लॉबीच्या सोफ्याचा. सेक्रेटरी कापडाचे नमुने मांडून बसलेले. काकू उभ्या राहिल्या, "सोफा राहू दे. शॉक देतात ते मशीन घ्या, एईडी." कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात त्यांचा तो फुटबॉलवेडा नातू बोलला, "2021 च्या युरो कपात एरिक्सन कोपनहेगनला भर मॅचमध्ये कोसळला. लगेच सीपीआर, लगेच शॉक, म्हणून वाचला. 2024 च्या युरोमध्ये त्याने गोल मारला!" मागून कुणीतरी म्हणालं, "आपलं क्लबहाऊस म्हणजे काय कोपनहेगन आहे?" काकू म्हणाल्या, "नाही ना, म्हणूनच. तिथे डॉक्टर मैदानातच होते, इथे तुम्हीच आहात." सेक्रेटरींनी हळूच नमुन्यांचं पुस्तक मिटलं. तोंड बघण्यासारखं होतं हो!

मशीन आलं, शिकवणारेही आले. रबरी बाहुला, छातीच्या मधोमध दोन इंच खोल दाबायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा. पिवळ्या बंगल्यातले भाऊजी सर्वांत पुढे. घाम पुसत पुन्हा-पुन्हा करत होते. मशीन तर स्वतःच बोलून सांगतं काय करायचं ते. त्या दिवसापासून माणूस बदलला. आणि काल... काल त्यांनी काकांच्या थेट पायात स्मॅश हाणला! एक नाही, लागोपाठ. आजूबाजूचे श्वास रोखून बसलेले आणि काका मात्र ओरडतायत, "अरे, मार ना! अजून मार!" घरी आले ते हसतच, "धुतला गं मला, पार धुतला!" काकूंनी तिथल्या तिथे नातवाला पेढे आणायला पिटाळलं. काकांना अर्धाच दिला, ते वेगळं.

आणि हे आपल्यातच ठेवा हं... त्या बाहुल्याची छाती दाबताना भाऊजींना केवढी धाप लागली, ते वहिनींनी बरोबर हेरलं. काल रात्री काकूंकडून त्याच डॉक्टरांचा नंबर घेऊन गेल्या. भाऊजींना अजून पत्ता नाही. काकांना मात्र आहे, आणि ते आतापासूनच म्हणतायत, "येऊ दे त्याला परत कोर्टावर. मी नाही हो हळू मारणार!"