बाराही महिने चालेल असं गाव

मिनियापोलिस,
फेब्रुवारीतला दुसरा रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, आम्ही सगळे मजेत आहोत. विषय फोनवर बोलण्यासारखाच आहे. पण फोनवर दुसऱ्याच वाक्याला आई "जेवली का?" विचारते आणि बाबा, तुम्ही "तिकडे किती डिग्री?" म्हणून फोन पंख्याकडे धरता. मग पुढचं सगळं बोलणं माझं आणि पंख्याचं. म्हणून लिहायला बसले. डिग्री आधीच सांगून टाकते: उणे २२. आई, जेवले.

बातमी अशी, की आम्ही गाव बदलायचं म्हणतोय. तुमच्या जावयांना कंपनीनं सांगितलं, घरूनच काम करता तर घर कुठेही असू द्या. माझं काय, जिथे हॉस्पिटल तिथे लॅब, आणि जिथे लॅब तिथे रक्त तपासायला माणूस लागतोच. जावयांनी त्याच रात्री एक्सेलमध्ये तक्ता मांडला. शाळा, घरभाडं, टॅक्स, देशी किराणा, विमानतळ. पुण्याचा माणूस, तक्त्याच्या वर सूचनाही लिहिली: 'परस्पर बदल करू नयेत.' मी परस्पर एक रकाना वाढवला. 'बाराही महिने स्कूटर चालते का?'

ते म्हणाले, "हा काय निकष झाला?" मी म्हटलं, तुम्ही गॅरेजमध्ये दोन मोटारी मावतात का ते टेप लावून मोजता, तो निकष झाला का? कुणाला न विचारता, किल्ली फिरवून, कोथिंबिरीच्या एका जुडीसाठीसुद्धा घराबाहेर पडता आलं पाहिजे. नागपूरकडच्या, हिंगण्याच्या पोरीनं एवढंही मागू नये?

मिनियापोलिसवर माझा राग नाही. इथल्या कायद्यात ५० सीसीपर्यंतच्या आणि ताशी ३० मैलांच्या, म्हणजे ४८ किलोमीटरच्या वर न पळणाऱ्या गाडीला मोटरसायकलचं लायसन लागत नाही. थोडक्यात, लूनाच. तशी एक जुनी स्कूटर मी घेतली ते तुम्हाला माहीत आहेच. उन्हाळ्यात तळ्यांच्या काठानं तिच्यावरून जाताना इथली म्हातारी माणसं हात हलवतात, इतकं बरं वाटतं. पण दिवाळी आली, की तिची निजानीज. पेट्रोल नासू नये म्हणून टाकीत औषध घालायचं, बॅटरीला बारकासा चार्जर लावून ठेवायचा, वरून पांघरूण. सलाईन लावलेल्या आजीसारखी ती एप्रिलपर्यंत गॅरेजच्या कोपऱ्यात पडून. मी अधूनमधून बघून येते. जानेवारी २०१९ मध्ये इथे उणे ३३ झालं, तेव्हा टपालखात्यानंही वाटप बंद ठेवलं होतं, तिथे माझ्या स्कूटरचं काय घेऊन बसलात. माणसांना गारठा लागू नये म्हणून डाउनटाउनमध्ये इमारती जोडणारे काचेचे पूल आहेत. पूल आणि इमारतींमधली वाट मिळून सगळं जाळं १५ किलोमीटर भरेल, म्हणजे हिंगण्याहून निघून जवळजवळ सीताबर्डी. त्यातून स्कूटर न्यायची सोय आहे का, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. जावई सोबत होते म्हणून गप्प बसले.

आणखी एक. ऑक्टोबरात एकदा नाक-कान गारठले म्हणून आपल्या पद्धतीनं दुपट्टा गुंडाळला. फक्त डोळे उघडे, त्यावर गॉगल. नागपुरात अशा हजारो पोरी फिरतात, शेजारून गेली तर सख्खा बाप ओळखत नाही. पेट्रोलचे पैसे द्यायला तशीच आत गेले, तर काउंटरवरचा पोरगा माझ्या हातांकडे बघत एक पाऊल मागे सरकला. मी दहाची नोट ठेवली तेव्हा कुठे त्यानं श्वास सोडला.

तर यादी. पहिलं नाव फिनिक्स. बर्फ नाही, पाऊस नावाला, रस्ते सपाट. "उन्हाचं काय?" जावई म्हणाले. ऊन मला सांगता? २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरेनहाइटला, म्हणजे ४३ च्या वर गेला, तर केवढा गहजब झाला. नागपूरनं २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ पाहिलंय आणि संध्याकाळी पुन्हा गोळा खायला बाहेर पडलंय. २०२४ च्या मेमध्ये तर आपल्याकडच्या एका यंत्रानं ५६ दाखवलं, शेवटी हवामान खात्याला सांगावं लागलं की सेन्सर बिघडलाय. माझ्या मते बिघडला नव्हता, त्याला ऊन लागलं होतं. तेव्हा मी खिशात कांदा टाकून फिनिक्सला निघायच्या बेतात होते.

पण नकाशा उघडून एकेक रस्ता बघायला लागले. सहा-सहा पदरी रस्ते, गाड्या सत्तरच्या वेगानं, सावली औषधालाही नाही. त्या जुलैत कितीतरी रात्री पारा ३२ च्या खालीही उतरला नाही. आपल्याकडे भर मेमध्ये ट्रॅफिक पोलीस दुपारचे बरेच सिग्नल बंद ठेवतात, का तर स्कूटरवाल्यानं उन्हात तिष्ठत उभं राहू नये. कुठे चौकात हिरवी जाळी बांधतात. फिनिक्सला हे सांगून पटायचं नाही, कारण तिथे सिग्नलला थांबलेला प्रत्येक जण एसी लावून बसलेला. उन्हात उघडी मी एकटी.

मायामीत उन्हाळाभर दुपार झाली की आभाळ फाटतं, शिवाय जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम. सिएटलला पाऊस पडत नाही, गळतो. होनोलुलू फार आवडलं होतं, मोपेडी भरपूर, हवा उबदार, पण तिथून नागपूरचं तिकीट किती ते जावयांनी मला नुसतं बोटानं दाखवलं. सॅन फ्रान्सिस्कोत हवा चांगली, फक्त जुलैत स्वेटर घालायचा. तिथे फिल्बर्ट नावाच्या रस्त्याचा चढ असा, की शंभर फूट पुढे गेलात तर एकतीस फूट वर. उतारावर गाडी लावली की चाक फुटपाथकडे वळवून ठेवायचं, असा नियमच आहे. आपली चेतक तिथे उभी करायची म्हटलं तर स्टँडखाली वीट, आणि विटेला धरून बाबा. भाडं ऐकल्यावर जावयांनी लॅपटॉप मिटला, त्यामुळे चढाचा प्रश्न आपोआप मिटला.

मग एका रात्री मी गंमत म्हणून तक्त्यात हिंगणा घातलं. मार्च ते जून भाजायचं. जून ते सप्टेंबर भिजायचं. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शिफ्टला जाताना बोटं आखडायची, २०१८ च्या डिसेंबरात तर साडेतीन डिग्री झालं होतं. रस्त्यावर एमआयडीसीचे ट्रक. माझ्या रकान्यात हिंगणा सपशेल नापास!

आणि बाबा, तुम्ही त्याच रस्त्यावर उभी नोकरी चेतकवर केली. आजोबांनी नंबर लावला आणि तुमच्या लग्नाच्या सुमाराला गाडी हाती आली, हे ऐकतच मोठे झालो. पुढे मी उभी, पायाशी दळणाचा डबा, मागे आई एका अंगानं बसलेली, तिच्या मांडीवर दादा. थंडीत गाडी सुरू होईना की तुम्ही तिला एका कुशीवर कलती करायचे, क्षणभर धरून ठेवायचे, सरळ करून किक मारायचे, आणि शेजारचे काका खिडकीतून "झाली का हो?" विचारायचे. आज हवा स्कूटरला बरी आहे का, हे घरात कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. पाऊस असला तर रेनकोट, ऊन असलं तर दुपट्टा.

तेव्हा गाडं हवेवर अडत नाही. किराणा, शाळा, डॉक्टर, मावशीचं घर सगळं स्कूटरच्या टप्प्यात होतं. आणि मुख्य म्हणजे पंक्चरवाला. टी-पॉइंटपासून आयसी चौकाकडे जाताना झाडाला जुना टायर टांगलेला दिसला की समजायचं, दुकान आलं. तो ट्यूब काढून घमेल्यातल्या मळक्या पाण्यात फिरवायचा, बुडबुडा आला की तिथे बोट दाबून तुमच्याकडे बघायचा, जणू चोर पकडला. इथे माझं मागचं चाक बसलं, तर दुकान २५ मैलांवर, तारीख पुढच्या पंधरवड्यातली, आणि गाडी ट्रेलरवर चढवून तिथे पोचवायची आपणच. बिल मी जावयांना दाखवलं नाही. तुम्हालाही सांगत नाही, कारण तेवढ्यात तुमच्या सगळ्या मित्रांची पंक्चरं काढून झाली असती.

मग मी रकान्याचं नाव बदललं: 'घर, शाळा, किराणा, काम स्कूटरच्या टप्प्यात आहे का? पंक्चरवाला किती लांब?' आणि ताइपे घातलं. लॅबमधली माझी एक मैत्रीण तिथली. तैवानात माणसं २ कोटी ३० लाखांच्या आसपास आणि दुचाक्या दीड कोटीच्या घरात. पाऊस आपल्यापेक्षा जास्त, वर तुफानं, तरी सगळे स्कूटरवर. तिनं एक व्हिडिओ दाखवला. सकाळी ताइपेच्या एका पुलाच्या उतारावरून स्कूटरी खाली येतात, एकीला एक लागून, थांबतच नाहीत. लोक त्याला धबधबाच म्हणतात. सिग्नलला मोटारींच्या पुढे स्कूटरींसाठी वेगळी चौकट रंगवलेली. मोठ्या चौकात डावीकडे वळायचं तर आधी सरळ पलीकडे जायचं, तिथे चौकटीत थांबायचं आणि दुसरा सिग्नल पडला की निघायचं. आणि लोक खरंच थांबतात! मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. पण तुमच्या नातीची रविवारची मराठी शाळा तिथे कुठून आणू? आत्ता कुठे ती 'ळ' म्हणायला लागली आहे.

जावयांनी संधी साधून गुपचूप पुणे टाकलं. हवा, अंतर, पंक्चरवाला, सगळीकडे पैकीच्या पैकी. चेतक जन्मली तिथलीच, आकुर्डीची, हेही मला ऐकवलं. मी म्हटलं, हेल्मेटसक्तीच्या विरोधात कृती समिती काढणारं शहर ते, तिथे मी डोकं नेणार नाही. घरात संध्याकाळपर्यंत शांतता होती.

शेवटी गाडी सॅन डिएगोवर येऊन थांबली आहे. हिवाळ्यात दुपारी अठरा-एकोणीस, उन्हाळ्यात पंचविसाच्या आसपास. पाऊस वर्षाकाठी २५० मिलिमीटर, तेवढा तर आपला जुलै एकटा पाडून मोकळा होतो. अडचण फ्रीवेची. कॅलिफोर्नियात १५० सीसीच्या आतल्या गाडीला फ्रीवेवर मज्जाव आहे. बाबा, आपली चेतक १४५ सीसीची. पाच सीसीनं गेली हो तुमची गाडी! पण तिथेच दुसरा कायदा असा, की दुचाकीवाल्यानं दोन रांगांमधल्या फटीतून पुढे घुसायला हरकत नाही. २०१७ पासून लागू आहे, अमेरिकेत तो असा पहिलाच. विधिमंडळात चर्चा, मतदान, मग गव्हर्नरची सही. व्हरायटी चौकातल्या एखाद्या पोट्ट्याला सांगा, तो म्हणेल, "यासाठी कायदा कायले लागते?"

घर मिरा मेसा नावाच्या भागात बघतोय. आई, मीरा रोडशी काही संबंध नाही. फ्रीवेला न लागता शाळा, देशी किराणा आणि दोशाचं हॉटेल गाठता येतं. स्कूटरच्या दुकानाला मी आधीच फोन केला: पंक्चर किती वेळात काढता? तो म्हणाला, बाई, आधी स्कूटर तर घ्या. १५५ सीसीची ठरवली आहे, म्हणजे फ्रीवेवर जायचा हक्क हाती राहतो. जाणार नाही, आई. हेल्मेट तिथे सगळ्यांनाच सक्तीचं आहे, तेव्हा त्याचीही काळजी नको.

मेट्रो लोकमान्यनगरपर्यंत आलीच आहे, दुसऱ्या टप्प्यात हिंगण्यापर्यंत येणार म्हणतात. आली की बाबांना सीताबर्डीला त्यातूनच पाठवत जा. दादा म्हणतो, ते मेट्रोच्या स्टेशनपर्यंत चेतकनं जातील, तेवढं चालेल.

आणि बाबा, ॲव्हरेज. तुम्ही विचाराल म्हणून दुकानदाराला विचारून ठेवलं. तो म्हणतो, गॅलनला शंभर मैल. दादानं हिशेब केला, लिटरला साडेबेचाळीस किलोमीटर येतं. तुम्ही चेतकचा आकडा याहून जास्त सांगणार, हेही दादानं सांगितलं. त्यावर फोनवर बोलू, फक्त फोन पंख्याकडे धरू नका.

तुमची लेक

ता. क. पत्र टाकायच्या आधी जावयांनी वाचलं. शुद्धलेखन पेन्सिलीनं सुधारलंय आणि पुण्याच्या परिच्छेदाशेजारी 'असहमत' असं लिहिलंय. मी काही खोडलेलं नाही.