आवरणनिष्ठ

पुणे-मुंबई परिसरातील दुचाकीस्वारांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गाला गाडी कुठेतरी पोहोचण्यासाठी लागते आणि दुसऱ्या वर्गाला ती सुखरूप परत आणून लावण्यासाठी लागते. या दुसऱ्या वर्गाचा सर्वांत विकसित प्रतिनिधी म्हणजे हजार सी.सी.च्या जपानी सुपरबाइकच्या फ्रेमवर कार्बन फायबरची संरक्षक कव्हरे चढवणारा आवरणनिष्ठ गृहस्थ होय. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी संगणकक्षेत्रातील किंवा व्यवसाय वडिलोपार्जित आणि गाडीचा हप्ता घराच्या हप्त्याशी बरोबरी करणारा, एवढी लक्षणे आढळली की पुढील निदानाला फारसा अवधी लागत नाही.

या गाड्यांची फ्रेम, म्हणजे इंजिन, चाके आणि स्वार या सर्वांचा भार पेलणारा सांगाडा, बहुधा ‘ट्विन स्पार’ पद्धतीची असते. हँडलपाशी सुरू झालेल्या ॲल्युमिनियमच्या दोन जाड तुळया इंजिनाला दोन्ही बाजूंनी कवेत घेत, मागचे चाक धरणारा स्विंगआर्म जेथे जोडलेला असतो तेथपर्यंत जातात. स्वाराचे गुडघे आणि बुटांच्या टाचा नेमक्या याच तुळयांना घासतात, त्यामुळे तेथील रंग उडतो आणि ओरखडे पडतात. येथवर आवरणनिष्ठाची मांडणी तर्कशुद्ध आहे; मात्र ओरखडे पडण्यासाठी गाडी चालवावी लागते, ही तिच्यातील पूर्वअट तो सहसा विचारात घेत नाही. जी गाडी पहिल्याच गिअरमध्ये ताशी 100 किलोमीटरचा वेग सहज ओलांडते, तिला 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेने रुंद महामार्गावरही ताशी 80 ची मर्यादा घातली, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. सबब ही गाडी रविवारी पहाटे जुन्या महामार्गाने लोणावळ्यापर्यंत जाते, तिचा मालक मिसळ खातो आणि रहदारी वाढण्यापूर्वी दोघेही घरी परततात. परिणामी तिच्या फ्रेमला आयुष्यभरात बुटांपेक्षा मायक्रोफायबरचे फडकेच अधिक घासते.

आवरणनिष्ठाचा कार्बन फायबरविषयीचा व्यासंग मात्र वादातीत आहे. पॉलिॲक्रिलोनायट्राइल नावाच्या कृत्रिम धाग्याला ऑक्सिजनविरहित भट्टीत हजार अंशांहून अधिक तापवले असता जवळजवळ निव्वळ कार्बनचे तंतू उरतात, त्या तंतूंची जाडी पाच ते सात मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी असते, आणि अशा 3000 तंतूंच्या पेडाला ‘थ्री-के’ म्हणतात, हे सर्व तो सोसायटीच्या रखवालदारालाही सांगून मोकळा झालेला असतो. जपानच्या तोरे कंपनीने 1971 मध्ये या तंतूंचे व्यापारी उत्पादन सुरू केले आणि 1981 मध्ये मॅक्लारेनने कार्बन फायबरचा सांगाडा असलेली फॉर्म्युला वन मोटार शर्यतीत उतरवली, हा इतिहास त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का ठाऊक असतो. तिरप्या रेघांची ‘ट्विल’ वीण श्रेष्ठ की चौकटीची ‘प्लेन’, तसेच हाताने राळ लावून बनवलेला ‘वेट कार्बन’ घ्यावा की आधीच राळ मुरवलेले कापड ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब देणाऱ्या भट्टीत, पक्के करून बनवलेला ‘ड्राय कार्बन’, या प्रश्नांवर तो तासन्‌तास बोलू शकतो. कार्बन फायबर हलके असल्याने गाडीचे वजन घटते, हा त्याचा आवडता सिद्धान्त होय. परंतु हे कव्हर मूळ फ्रेमच्या जागी बसत नसून तिच्यावर बसते, त्यामुळे ते कितीही हलके असले तरी वजन त्याच्याइतके वाढतेच. आणि ते चिकटपट्टीने डकवलेले असल्याने कार्बनच्या ताठरपणाचाही फ्रेमला काडीचा उपयोग होत नाही. मिसळीने स्वाराच्या वजनात पडणारी भर या चर्चेत धरली जात नाही.

कव्हर बसवण्याचा विधी मेकॅनिकवर सोपवला जात नाही, कारण मेकॅनिकच्या हाताला ग्रीस असते. प्रथम कव्हर नुसतेच धरून कुठे वायर, नळी किंवा बोल्ट आडवा येतो ते पाहिले जाते. कड घासावी लागल्यास तोंडाला मास्क बांधून पाण्याखाली घासतात, कारण या तंतूंची भुकटी त्वचेला व श्वासनलिकेला त्रासदायक असते. नंतर फ्रेम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढतात आणि ज्याला दुकानात ‘डबल टेप’ म्हणतात ती फोमची दुहेरी चिकटपट्टी लावून कव्हर दाबून बसवतात. एकदा चिकटल्यावर ते सरकत नाही, म्हणून या क्षणी टॉर्च धरण्यासाठी पत्नीला पाचारण केले जाते. “अरे, बसलंय की सरळ,” असे तिने म्हटल्यावर “सरळ दिसणं वेगळं आणि सरळ असणं वेगळं,” असे उत्तर मिळते व मोजपट्टी निघते. या चिकटपट्टीची पकड पूर्ण होण्यास 72 तास लागतात, तोवर गाडी हलवू नये असे सांगितलेले असते. ही एवढी एकच सूचना आवरणनिष्ठ तंतोतंत पाळतो, किंबहुना तीन दिवसांऐवजी तीन आठवडे पाळतो.

रक्षण करणारी वस्तू ही रक्षिल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा स्वस्त असावी, असा व्यवहारातील सर्वसाधारण नियम आहे. आवरणनिष्ठाने तो मोडीत काढल्यामुळे रक्षकालाच रक्षकाची गरज भासू लागते. उन्हातील अतिनील किरणांनी राळ पिवळी पडू नये म्हणून कार्बनवर पारदर्शक फिल्म येते, फिल्मवर धूळ बसू नये म्हणून सिरॅमिकचा लेप येतो, आणि या सर्वांवर कापडी कव्हर येते, ज्याला धुण्याचे वेळापत्रक असते. शिवाय कव्हराखाली शिरलेले वाळूचे कण प्रत्येक कंपनागणिक रंग घासत राहतात, म्हणजे बुटाचे काम आता वाळू करते आणि तेही दृष्टीआड. त्याहून गमतीचा प्रकार रसायनशास्त्रातील आहे: कार्बन विद्युत्‌वाहक असल्याने त्याचा उघडा तंतू ॲल्युमिनियमला टेकला आणि त्यांच्यामध्ये खारट ओल साचली, तर विद्युत्‌-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियमच झिजते, याला गॅल्व्हानिक क्षरण म्हणतात. राळेचा थर आणि चिकटपट्टी मध्ये असेपर्यंत ही भीती नाही, हे आवरणनिष्ठालाही माहीत असते, तरीही हा शोध लागल्यापासून तो गणपतीपुळ्याला चारचाकीने जातो.

या वृत्तीची वंशावळ शोधल्यास ती एका पिढीपूर्वीच्या स्कूटरपर्यंत जाते. परवाना-राजवटीत स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे दारी आलेल्या गाडीच्या सीटवरचे पॉलिथिन फाटेपर्यंत न काढणे हा शहाणपणाच होता, कारण दुसरी कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. मात्र त्या पॉलिथिनवर बसून वडील रोज कचेरीत जात, मंडईतून भाजी आणत आणि दोन मुलांना शाळेत सोडत. मुलाने वारशात जपणूक घेतली आणि वापर तेवढा मागे ठेवला. त्याच्या कव्हरांची किंमत ऐकून वडील “काळं प्लास्टिक केवढ्याला पडलं म्हणालास?” असे दोनदा विचारतात, पहिल्यांदा ऐकू न आल्यामुळे आणि दुसऱ्यांदा ऐकू आल्यामुळे.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी नवे मॉडेल येते आणि जुनी गाडी “एकहाती वापर, एकही ओरखडा नाही” अशा जाहिरातीसह विक्रीला निघते. तेव्हा हीट गनने ऊब देऊन आणि टेपमध्ये दोरा फिरवून कव्हरे अलगद सोडवली जातात व मूळची फ्रेम कारखान्यातून आल्यासारखी प्रकट होते. स्वतः आवरणनिष्ठ ती इतक्या वर्षांत प्रथमच पाहत असतो आणि तिच्या रंगाची मनापासून स्तुती करतो. गिऱ्हाईक गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालते, घासाघीस न करता किंमत मान्य करते आणि सौदा ठरल्यावर एवढेच विचारते, “ती कार्बनची कव्हरं गाडीबरोबरच आहेत ना?”