सुप्यात उतरलात, आता पुढं?

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली. त्या पुणे-नगर रस्त्यावरच्या सुप्याला साध्या गाडीने आजही सहज उतरता येतं. अडचण सुरू होते ती उतरल्यावर.

आजूबाजूला काय आहे बघा. वाडेगव्हाण फाट्यावरून आत राळेगणसिद्धी. जामगावात महादजी शिंद्यांचा वाडा, टाकळी ढोकेश्वरला लेणी. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे: पुरात दगडगोटे गरगर फिरत राहिले आणि त्यांनी काळा कातळ कोरून काढला. पारनेर तालुक्याची हद्द ओलांडली की हिवरे बाजार. तिथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, शेतीसाठी बोअर घेऊ देत नाहीत. एवढ्या टापूत एवढं शिकण्यासारखं राज्यात फार ठिकाणी नाही, हे मी ठामपणे म्हणतो.

अशी जवळजवळची ठिकाणं एकमेकांना जोडायची कशी, ते इटलीत दिसतं. तिथे चिंक्वे तेर्रे नावाची समुद्रकाठची पाच गावं आहेत, १९९७ पासून जागतिक वारसा. डोंगराला चिकटलेली, मोटारींना फारशी जागा नाही. पण ला स्पेत्सिया ते लेवांतो लोकल धावते, एका गावाहून दुसऱ्या गावाला काही मिनिटांत पोचवते. एक कार्ड घ्यायचं, दिवसभर चढा-उतरायचं. त्यातलं कोर्निल्या कड्यावर; स्टेशनापासून पावणेचारशेच्या वर पायऱ्या. तरी लोक चढतात, कारण परतीची गाडी मिळणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पास आपल्याकडेही आहे. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’, चार किंवा सात दिवसांचा. पण आपल्या फेऱ्या आखल्या जातात गाव ते तालुका. शाळा, बाजार, कचेरी यांसाठी ते योग्यच. गाव ते शेजारचं गाव हा हिशेब मात्र मागे पडतो. मग राळेगण पाहून निघोजला जायचं तर वडाप शोधा, नाहीतर स्वतःची गाडी आणा.

गाडीवाल्याची चिंता मला नाही. हिवरे बाजार ज्याने पाहायलाच हवं तो माण-आटपाडीकडचा कोरडवाहू शेतकरी, ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आलेली बाई, कृषी शाखेचा पोरगा. त्यांना भाड्याची जीप परवडत नाही. पाणी अडवण्याचा धडा ज्याला सर्वांत जास्त हवा, त्यालाच तिथवर पोचणं सर्वांत अवघड. हे चुकीचं आहे.

हे बदलेपर्यंत जाणाऱ्यांनी एवढं करा: सकाळी लवकर निघा, उतरल्याबरोबर परतीची शेवटची गाडी विचारा, वडापचं भाडं आधी ठरवा, आणि पावसाळ्यात निघोजच्या रांजणखळग्यांच्या कडेला जाऊ नका.

आणि पारनेर आगाराला विनंती: शनिवार-रविवारी एकच छोटी गाडी सुपा, राळेगण, निघोज, पारनेर, परत सुपा अशी फिरवा. हिवरे बाजारला जोडून द्या. सुप्याच्या थांब्यावर वेळा मोठ्या अक्षरांत लावा. हंगामभर चालवून पाहा, मग ठरवा.