शंकेखोराने सायबाच्या फेस्ताला पायी कसे जावे
(कारंजा (घाडगे) व परिसरातील नवशिक्यांसाठी)

ज्यांचा देवावर, संतांवर, नवसावर आणि शक्यतो शेजाऱ्यावरही विश्वास नाही, अशांसाठी ही माहिती आहे. श्रद्धावानांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांना हिचा उपयोग नाही. ते वर्षानुवर्षं कोणाला न विचारता चालत आले आहेत.

आधी यात्रा कोणती ते सांगतो. जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बाजिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलेलं आहे. गोवेकर त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात. ३ डिसेंबरला त्याचं फेस्त असतं आणि त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना. या दिवसांत गोव्याच्या गावागावांतून आणि बेळगाव, कारवार, सिंधुदुर्गाकडूनही ख्रिस्ती भाविक पायी येतात. आपण सावंतवाडीची वाट धरू: बांदा, पत्रादेवी, धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, पणजी, रायबंदर, जुने गोवे. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. शेगावला पायी जाऊन आलेल्याला हे ऐकून हसू येईल. त्याने आत्ताच हसून घ्यावं.

घरून निघणे

पहिली अडचण कारंज्यातच येते. शंका घेणारे आपण, अशी तुमची समजूत असते. पण गावात पहिली शंका तुमच्यावरच घेतली जाते. चहाच्या टपरीवर एकदा ‘गोव्याला पदयात्रेला चाललो’ म्हणून पाहा. ‘गोव्याले? डिसेंबरात? अन् पायी?’ मग सगळे एकमेकांकडे बघतात. ‘बापू, खरं सांग नं, कोण कोण चाललं?’ संताचं नाव घेतलंत की संशय आणखी वाढतो. गाडीत एखादी जागा आहे का, असं हळूच विचारणारे दोघं-तिघं तरी निघतात. त्यांना पुरावा देत बसू नका. अंबिया बहाराची संत्री तोडायला आलेली, कापसाची वेचणी चाललेली, आणि हा माणूस पायी गोव्याला निघालेला. कोणत्याही समंजस माणसाला हे खोटंच वाटणार.

घरातल्या मोठ्यांसाठी विनोबा राखून ठेवा. १९५१ मध्ये ते पवनारहून पायी निघाले, भूदानाच्या निमित्ताने पुढची तेरा-चौदा वर्षं देशभर चालत राहिले, आणि बायबलमधून निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ही त्यांनीच तयार केलं. म्हणजे चालणं आणि ख्रिस्त या दोन्हींना वर्धा जिल्ह्याची मान्यता आहे. यावर आजोबा गप्प बसतात. ‘विनोबा गोव्याले गेले होते का?’ असं विचारलंच, तर आपण गप्प बसावं.

आणखी एक खुलासा वाटेत वारंवार करावा लागेल. कारंजा म्हटलं की लोक लाडांचं कारंजा धरतात, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. तिथल्या माणसाला तीर्थयात्रा उंबरठ्यातच मिळालेली आहे. आपलं कारंजा घाडग्यांचं. आपल्या वाट्याला राष्ट्रीय महामार्ग ५३ आला, त्यामुळे ट्रकच्या कडेने चालण्याचा सराव मात्र घरबसल्या होतो. तळेगावच्या दिशेने पहाटे रोज तासभर चाला. कुठे चाललात असं कोणी विचारलं तर ‘शुगर आहे’ म्हणा. गावात हे एकच कारण निर्विवाद मानलं जातं.

अभ्यास

शंकेखोर अभ्यास केल्याशिवाय निघत नाही. निघाल्यावर तो अभ्यास सहप्रवाशांना ऐकवायचा नसतो, हे त्याला बांद्यापर्यंत कळत नाही. तरी थोडक्यात सांगतो. झेवियर वारला ३ डिसेंबर १५५२ ला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर. मांस लवकर झडून अस्थी नेता याव्यात म्हणून पेटीत चुना घातला होता. काही आठवड्यांनी उकरलं तेव्हा शव ताजं दिसलं, असं सांगतात. ते आधी मलाक्क्याला नेलं आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणलं. पुढे १६१४ मध्ये उजव्या हाताचा भाग कापून रोमला पाठवला. एका बाईने चुंबन घेताना पायाचं बोट चावून तोडलं, ही गोष्टही तुमच्या कानावर येईल. आज जे उरलं आहे ते वाळलेलं, सुकलेलं शव आहे. चर्चलाही ते दिसतं आणि भाविकांनाही दिसतं. तेव्हा ‘हे तर वाळलेलं आहे!’ असा शोध लावून रांगेत ओरडू नका.

दुसरा विषय अधिक जड आहे. निघायच्या आदल्या रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर कोणीतरी काका इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, मजकूर टाकतीलच. काकांच्या मजकुरात बरीच भर असते, पण मूळ गोष्ट खरी आहे. गोव्यात इन्क्विझिशन आणावं असं झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं. ते आलं १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि कायमचं बंद झालं १८१२ मध्ये. हे माहीत असूनही चालायचं, आणि चालतोय म्हणून ते झाकायचं नाही. मला विचाराल तर या यात्रेतला सर्वांत अवघड चढ हाच आहे, आणि तो नकाशावर नाही. अ. का. प्रियोळकरांनी या विषयावर १९६१ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं; काकांना ते वाचायला सांगा. काका वाचणार नाहीत, पण ग्रुप दोन दिवस शांत राहील.

त्याच काळातली दुसरी बाजूही पाठ असू द्या. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहून बसला. १६१६ मध्ये ते छापलं गेलं. आपल्याला आपल्या भाषेत साधा अर्ज लिहायला घाम फुटतो.

सामान

तुमचा नवस नसल्यामुळे अनवाणी चालण्याचं बंधन नाही; श्रद्धा नसण्याचा हा एकमेव ठोस फायदा आहे. जुने, पायात रुळलेले बूट घाला. नवे घेऊ नका. मोजे जास्तीचे न्या, कारण कोकणातला नोव्हेंबर आपल्यासारखा कोरडा नसतो. सेहेचाळीस अंशांत डोक्याला दुपट्टा बांधून शेतात उभा राहणारा माणूस सावंतवाडीच्या मोती तलावाशी सकाळी आठ वाजता घामाने निथळतो आणि त्याला स्वतःचीच लाज वाटते.

ठेचा न्या. वाटेत उसळ-पाव मिळेल, भजी मिळतील, म्हापशाच्या पुढे रोस ऑम्लेटही मिळेल, पण तिखट म्हणून जे मिळतं ते आपल्या हिशोबात गोडातच मोडतं. ठेचा एकट्याने खाऊ नका, आणि लहान मुलांना देऊ नका.

एक रिकामं पोतं आणि हातमोजे जरूर घ्या. याचं कारण गाडगेबाबा. शेणगावचा हा माणूस पंढरपूरला जायचा, धर्मशाळा बांधायचा, वाळवंट झाडायचा, पण देवळात दर्शनाला जायची त्याला घाई नव्हती. शंकेखोराने यात्रेत काय करावं, याचं उत्तर वऱ्हाडाने आधीच देऊन ठेवलं आहे. स्पेनमधल्या सान्तियागोच्या वाटेवर पिवळे बाण रंगवलेले असतात; आपल्या वाटेवर पुढे गेलेल्यांच्या पाण्याच्या बाटल्या आणि सरबताचे पेले दिशा दाखवतात. ते उचलत चला. दोन किलोमीटरनंतर तुम्हाला ‘तुम्ही ख्रिस्ती का?’ असं कोणी विचारत नाही. ‘माझीपण घ्या हां’ म्हणतात.

वाट

पहाटे निघा. कोण्या पॅरिशच्या गटाच्या मागे मागे राहा. पुढे एकाच रंगाचे टीशर्ट घातलेली पोरं, मध्ये बायका, मागे सामानाचा टेम्पो. तुम्ही टेम्पोच्या आसपास असाल. कोणीतरी मावशी विचारील, ‘खंयसून इलास?’ ‘कारंजा.’ ‘ता खंय इला?’ नागपूरच्या अलीकडे म्हणून सांगा. ‘इतक्या लांबसून! काय मागूक इलास?’ इथे नवशिका हमखास अडखळतो. ‘मी मानत नाही, पण अनुभव म्हणून...’ असं लांबण लावू नका. मावशीने वाटेत माणूस बघून बोलणं काढलंय, तुमची जबानी घ्यायला नाही. ‘चालून पाहतो’ म्हणा. तिला ते पटतं.

सांगायचं ते हेच. तुमची कल्पना असते की हा शेकडो लोकांचा जथा रात्रंदिवस श्रद्धेने भारून चालला असेल आणि मधोमध आपण एकटे विचार करणारे. प्रत्यक्षात श्रद्धेबद्दल बोलणारे एकटे तुम्हीच असता. बाकीचे पायाच्या फोडांबद्दल, मुलाच्या कुवेतच्या व्हिसाबद्दल, गेल्या वर्षी कोणाचा गुडघा सुजला त्याबद्दल बोलतात. मध्येच जपमाळ सुरू होते, संपते, आणि व्हिसा जिथे सोडला तिथून पुढे चालू होतो. सायब आहे की नाही, त्याचं शव का टिकलं, हे प्रश्न कोणी सोडवून आलेलं नाही. न सोडवताच ते निघाले. तुम्हालाही तसंच निघता आलं असतं, हे धारगळच्या आसपास जाणवतं. तोवर टाच सोललेली असते, म्हणून फारसं दुःख होत नाही.

जपमाळेला मोजमाप म्हणून वापरा. पाच दशकं म्हणायला साधारण वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात दीडेक किलोमीटर सरतो. म्हटलीच पाहिजे असं नाही. ऐकली तरी अंतर कापलं जातं.

बांदा सोडलं की पत्रादेवी. इथे थांबा, पाठपिशवी काढा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निःशस्त्र सत्याग्रही याच सीमेवरून पायी आत शिरले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. कर्नैल सिंग बेनिपाल हा पंजाबचा तरुण इथे पडला. स्मारक आहे. भाविकही इथून चालत जातात, पर्यटकांच्या गाड्याही सुसाट जातात. तुम्ही दहा मिनिटं बसलात तर फेस्त चुकत नाही.

म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचं चर्च लागेल. ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असं दोन्हीकडचे लोक मानतात आणि एकमेकींच्या उत्सवाला तेल-फुलं पोचवण्याची रीत सांगतात. बहिणी सात, एक ख्रिस्ती झाली, नातं सुटलं नाही. तुम्ही याचा समाजशास्त्रीय अर्थ लावायला घ्याल. लावा, पण चालता चालता.

मांडवीवर अटल सेतू पायी चालणाऱ्यांसाठी नाही. जुन्या पुलाने जा, किंवा बेतीहून फेरीबोट घ्या. पायी माणसाला तिकीट नाही. बोटीत बसलं तर यात्रा पायी धरायची का, असा वाद हौशी मंडळी घालतात. ज्याला फारच टोचणी असेल त्याने बोटीत येरझाऱ्या घालाव्यात. पणजीहून पुढे रायबंदरचा बांध लागतो, १६३०च्या दशकात बांधलेला. बाजूला मिठागरं, सावली नाही. सगळ्या शंका इथे संपून फक्त ‘किती राहिलं?’ ही एकच उरते.

पोचल्यावर

जुन्या गोव्यात शिरताना चौकात गांधीजींचा पुतळा आहे. वर्धा जिल्ह्याच्या माणसाला इतक्या लांब ओळखीचं कोणी भेटलं म्हणून बरं वाटतं. फोटो काढा, टपरीवर पाठवा. तरी विश्वास बसणार नाही.

बाजिलिकेत रांग लावा. शव तपासायच्या इराद्याने आला असाल तर निराशा पक्की आहे. गोव्याच्या कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवलेली चांदीची पेटी संगमरवरी चौथऱ्यावर उंच ठेवलेली आहे. दहा वर्षांतून एकदा ती खाली उतरवून शव कॅथेड्रलमध्ये दर्शनाला ठेवतात. शेवटचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. एरवी मान वर करून जेवढं दिसेल तेवढंच.

मिस्सेला थांबलात तर एक गोष्ट सांभाळा. सगळे उठून पुढे जातील आणि फादर प्रत्येकाला काहीतरी देतील. आपला हात सवयीने प्रसादाला पुढे होतो. होऊ देऊ नका. तो ख्रिस्तप्रसाद कॅथलिकांसाठीच आहे; तुम्ही जागेवर बसून राहा, कोणाला राग येत नाही.

सान्तियागोला शेवटचे शंभर किलोमीटर पायी चाललात तर प्रमाणपत्र देतात. का चाललात तेही विचारतात, आणि धर्माशी संबंध नसलेल्यांना दुसरा कागद मिळतो. इथे कोणताच कागद नाही. फेस्ताच्या फेरीत आल्याचं खाजं घ्या, दोन पुडे घ्या, एक गाडीत संपतो.

परतीसाठी करमळी स्टेशन जवळच आहे. सरळ रेल्वेने आलो असतो तर पहिल्या दिवशीच इथे उतरता आलं असतं, हा विचार तिथल्या बाकावर येतो, येऊ द्या. आरक्षण करताना मात्र खालचीच बर्थ मागा. वरच्या बर्थवर तुम्हाला चढता येणार नाही.