बाटली कोणाची?

डिंभे धरणाच्या पाण्यात बाटली तरंगताना दिसली तर तिचे दोन अर्थ होतात. एक, खाली कोणाचं तरी जाळं आहे. दोन, वर कोणाची तरी पार्टी झाली आहे. होडीवाल्याने कोणता अर्थ घ्यायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. दोन्ही बाटल्या एकाच कंपनीच्या, दोन्हींची झाकणं घट्ट. फरक एवढाच, की एकीच्या गळ्याला नायलॉनचा दोरा असतो आणि तो पाण्याखाली असतो. पंख्यात गुंतला की मग दिसतो. तोवर मशीन बंद, होडी आडवी, आणि नावाडी कोयता घेऊन पाण्यात वाकलेला.

जाळंवाल्याला तरी काय बोलणार? झेंडा लावला तर जाळं कुठे आहे ते चोरालाही कळतं. शिवाय त्याचं जाळं फाटलं ते फाटलंच.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१८ साली मासेमारीच्या साधनांवर खुणा कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. ऐच्छिक आहेत म्हणे. ऐच्छिक म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं, हे वेगळं सांगायला नको. रस्त्यावरचा रंग उडालेला गतिरोधकही आधी कंबरेला कळतो, मग डोळ्यांना.

आणि खुणांचं काय घेऊन बसलात? ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला आहे, ते जुनं गावच याच पाण्याखाली आहे. त्यावर तर बाटलीसुद्धा बांधलेली नाही.