चि. भांडवली तोटा यास



तुझा जन्म नफ्याच्या पोटी झाला, हे नातेवाइकांना पटवता पटवता माझी पुरेवाट झाली आहे. हजार रुपयांनी घेतलेले 100 शेअर दोन वर्षांनी, म्हणजे 2025 साली, कंपनीने बाराशेने परत घेतले. वीस हजार सुटले म्हणून मी वॉशिंग मशिनचा भावही विचारून आलो. खात्यात 1,20,000च्या जागी 1,08,000 आले. दहा टक्के टीडीएस आधीच कापलेला.

सीए म्हणाला, "काका, 1 ऑक्टोबर 2024पासून बायबॅकची सगळी रक्कम लाभांश."

"आणि माझे खरेदीचे एक लाख?"

"तो तोटा."

म्हणजे तू! शेअर शून्य रुपयांना गेले असं तेव्हाचा कायदा धरायचा आणि लाभांशातून खरेदीची किंमत वजा होऊ द्यायचा नाही. मी 30 टक्क्यांच्या स्लॅबमधला. सेस धरून कर 37,440. वीस हजारांच्या नफ्यावर! तेच शेअर बाजारात विकले असते, तर सव्वा लाखाच्या सुटीत बसून कर शून्य. 2019 ते 2024 लिस्टेड कंपनीच बायबॅकचा कर भरायची, तेव्हा तुझ्यासारखी संतती होत नसे. इन्फोसिसच्या 18,000 कोटींच्या बायबॅकपासून प्रवर्तक लांब राहिले, तेव्हा मी त्यांना त्यागी समजलो होतो.

असो. तुझी जन्मनोंद विवरणपत्रात मुदतीत केली आहे. नाहीतर तुला पुढे ओढता आलं नसतं. आयुष्य आठ वर्षांचं. तेवढ्यात तुझं लग्न जमवायचं, तेही दीर्घकालीन भांडवली नफ्याशीच. पगार, व्याज, अल्पकालीन नफा ही स्थळं तुला चालत नाहीत. त्यात तुझी खोड अशी, की नफ्यातल्या करमाफ सव्वा लाखावरच आधी ताव मारणार. तेवढंही निभावलं, तरी तू वाचवशील 13,000. उरलेला कर 24,440. नफा मात्र अजून वीसच हजार आहे, बाळा.

2026च्या अर्थसंकल्पात बायबॅक पुन्हा भांडवली नफ्यात धरायचं ठरलं, प्रवर्तकांना तेवढा जादा कर. तेव्हा तुला धाकटं भावंड होण्याची आशा नाही. आई विचारत होती, मशिन कधी येणार. तिला तुझा फोटो दाखवला.

शून्य रुपयांना शेअर विकलेला,
तुझा बाबा