बाल्कनीतले बागायतदार

बाल्कनीत मोसंबी पिकवण्याची सध्या भारी हौस आहे. नर्सरीतून फळासकट आणलेलं कलम आठवडाभर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिरवतं. मग फळ गळतं आणि कृषिसल्ल्याला ऊत येतो: अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, आंबट ताक. घरात नको ते सगळं कुंडीत! झाडाला सहा तास ऊन लागतं आणि बाल्कनीत ते जेमतेम तासभर येतं, याबद्दल मात्र अळीमिळी गुपचिळी.

पावसाळ्यात बुंध्यातून काटेरी फुटवे जोमाने वर येतात. मालक पेढे वाटायच्या बेतात. प्रत्यक्षात तो कलमाच्या जोडाखालचा जंभेरीचा खुंट असतो. वरची मोसंबी खंगत चाललेली. पानावर पक्ष्याची शीट दिसते म्हणून दुर्लक्ष करावं, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी निघते आणि बघता बघता फांदी बोडकी करते.

भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी पिकवणारा जालन्याचा शेतकरी बहार धरायला झाडाचं पाणी मुद्दाम तोडतो. ताण बसला की फुलं येतात. आम्ही दोन्ही वेळा प्रेमाने पाणी घालून मुळं कुजवतो.

तेव्हा कुंडीला भोक पाडा, खुंटाचे फुटवे खुडा आणि रस प्यायचा असेल तर मोसंबी मंडईतून आणा.